पत्राच्या तळाशी एक ओळ



या पानावर मी याआधी दोन-चार वेळा लिहिलं आहे. नाताळच्या कार्यक्रमाचा वृत्तांत, उपकारस्तुतीच्या उपासनेची बातमी, कोणी प्रभूमध्ये निजल्याचं कळवणं, असंच काहीबाही. आज मात्र एक कबुली द्यायची आहे. ती आमच्या मंडळीपुढे मी आधीच दिली आहे, त्यामुळे इथे लिहिण्यात फार मोठं धाडस नाही. पण जे माझ्या हातून झालं ते इतर मंडळ्यांतही होत असणार, आणि कोणी बोलत नसणार, म्हणून लिहितो.

आमची मंडळी लहान आहे. काही घरं असीरगडाच्या पायथ्याची, काही नेपानगरची, काही बऱ्हाणपूरची. आम्ही सीमेवरची माणसं. घरात मराठी, शाळेत हिंदी, बाजारात दोन्हींची खिचडी. रविवारची उपासना मात्र पहिल्यापासून मराठीतच. गेल्या पावसाळ्यात तरुण संघाने प्रश्न काढला की महिन्यातले दोन रविवार हिंदीत का नको? त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. लिपी एकच असल्यामुळे मुलं मराठी शास्त्र वाचून दाखवतात, पण जुन्या वळणाच्या मराठीचा अर्थ त्यांना लागत नाही. गाणी तोंडपाठ आहेत, शब्द विचारले तर खांदे उडवतात.

पावसात सगळ्यांनी एकत्र जमणं जड जातं, म्हणून चर्चा मंडळीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सुरू झाली. मी मंडळीचा चिटणीस. मनाने मराठीच्या बाजूचा. अर्ज, ठराव, पावती एवढं मला लिहिता येतं, पण लोकांचं मन वळेल असं लिहिणं कधी जमलं नाही. एका रात्री मोबाईलमधल्या एआयला सांगितलं, "आमची मंडळी असीरगडाजवळ आहे, मराठी उपासना टिकवावी यावर एक चांगलं पत्र लिहून दे." अर्ध्या मिनिटात पत्र तयार. भाषा ही केवळ संवादाचे साधन नसून संस्कृतीची वाहक आहे, अशी सुरुवात, आणि पुढे एकाहून एक भारदस्त वाक्यं. मी तळाला माझं नाव घातलं आणि ग्रुपवर टाकलं.

सकाळी बघतो तर हात जोडल्याच्या चित्रांची रांग. "वा चिटणीस साहेब", "डोळ्यांत पाणी आलं", "हे छापायला पाहिजे". खरं सांगतो, बरं वाटलं. यंत्राने लिहिलंय असं सांगावं, हा विचार मनात आला नाही असं नाही. आला, आणि मी तो बाजूला सारला. मुद्दे तर माझेच आहेत ना, असं स्वतःला समजावलं.

त्या पत्रात एक वाक्य होतं. असीरगडाच्या पायथ्याशी पहिली मराठी उपासना अमुक साली अमुक मिशनरी साहेबांनी घेतली. साल होतं, साहेबांचं नाव होतं. मी पडताळून पाहिलं नाही. वर्धापनदिनाची पत्रिका छापताना कोणीतरी ते वाक्य उचललं आणि दोनशे प्रती छापून आल्या.

आमचे एक शेजारी आहेत, मुसलमान, वयाने मोठे, आम्ही त्यांना चाचा म्हणतो. त्यांना गडाच्या इतिहासाचा नाद आहे. कोणी पाहुणा आला की त्याला वर नेऊन सगळं दाखवतात. पत्रिका त्यांच्याही हाती पडली. संध्याकाळी दारात आले आणि म्हणाले, "भाई, ये बात हमें मालूम नहीं थी. कौन सी किताब में है? हम भी लोगों को बताएँगे." मी म्हटलं, बघून सांगतो. घरात जाऊन त्याच एआयला विचारलं, हे कुठून घेतलंस? त्याने फार नम्रपणे माफी मागितली आणि दुसरंच साल दिलं. पुन्हा विचारलं तर साहेबही बदलले. मग माझ्या लक्षात आलं की असं काही त्याला ठाऊकच नव्हतं.

मुलीने मला नंतर समजावून सांगितलं. हे यंत्र कपाटातलं पुस्तक काढून वाचत नाही. अफाट मजकुरावर शिकून, एका शब्दानंतर कोणता शब्द येणं जास्त संभवतं याचा अंदाज बांधत ते वाक्य रचतं. जिथे माहिती भरपूर तिथे अंदाज बरोबर येतो. असीरगडाच्या पायथ्याच्या चार घरांच्या मंडळीबद्दल कोणी काय लिहून ठेवलंय? काहीच नाही. तिथे ते खरं वाटेल असं काहीतरी बसवून मोकळं होतं, आणि खरं-खोटं दोन्ही एकाच आवाजात सांगतं.

चाचांना जाऊन सांगावं लागलं. ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. एवढंच म्हणाले, "अच्छा हुआ पूछ लिया." मला ते जास्त लागलं.

पण खरी चूक अजून पुढेच आहे.

आमच्या मंडळीत एक मावशी आहेत, सत्तरी ओलांडलेल्या. त्या चर्चेत त्यांनीही लिहिलं होतं. तीन ओळी, काना-मात्रा इकडच्या तिकडे, अर्धे शब्द बोलीतले. त्यांच्या आईला मरताना मराठी गाणं म्हणून दाखवलं होतं, तेव्हा आईने डोळे उघडले होते, असं काहीसं. माझं पत्र त्यानंतर तासाभराने आलं आणि त्यांच्या तीन ओळी वर सरकून गेल्या. कोणी एक शब्द उत्तर दिलं नाही. त्या दिवसापासून मावशींनी ग्रुपवर लिहिणंच बंद केलं.

महिन्याची वर्गणी घ्यायला गेलो तेव्हा विचारलं, "मावशी, अलीकडे काही लिहीत नाही?"

"काय लिहू, भाऊ? मले तुह्यासारखं लिहता येत नाही. तुमी मोठे शब्द घालता. माहं कोण वाचते?"

मी गप्प. मग त्या म्हणाल्या, "पन येक सांगू? ते वाचतानी तुहा आवाज काही ऐकू आला नाही."

मला एकदम आंधळा इसहाक आठवला. हात चाचपून झाले, केसाळ लागले, पण आवाज मात्र ओळखीचा होता, एसावाचा नव्हे. म्हाताऱ्याला शंका आली आणि तरीही आशीर्वाद दिला गेला. इथे माझंही तेच झालं होतं. दुसऱ्याचं कातडं पांघरून मी वाहवा घेतली, आणि ज्या मावशींचं म्हणणं त्या सगळ्या चर्चेत सर्वांत खरं होतं, त्यांना गप्प केलं. मराठी टिकावी म्हणून लिहिलेल्या पत्राने मंडळीतली एक जिवंत मराठी बंद पाडली.

पुढच्या रविवारी उपासनेनंतर मी उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. घसा कोरडा पडला होता. मागच्या बाकावरून तरुण संघाचा एक मुलगा उठला. "अंकल, मीपण. त्या दिवशी शोकसभेत मी जे वाचलं ना, ते पण त्यातूनच काढलं होतं. मला मराठीत तसं जमत नाही." मग आणखी एक जण बोलली. प्रार्थनेच्या विनंत्याही काही जण असंच लिहून घेत होते म्हणे. त्या क्षणी कळलं की आम्ही दोन महिने एकमेकांशी बोलतोय असं समजत होतो, आणि बराच वेळ यंत्रच यंत्राला उत्तर देत होतं.

पाळकसाहेबांनी कोणाला झापलं नाही. त्यांनी शास्त्र उघडलं आणि रोमकरांस पत्राचा शेवटचा अध्याय काढला. पौलाचं ते सर्वांत मोठं पत्र त्याने स्वतःच्या हाताने लिहिलेलं नाही. त्याने सांगितलं, लेखनिकाने लिहिलं. आणि शेवटी सलाम देणाऱ्यांच्या यादीत तो लेखनिक स्वतःच मध्ये येऊन आपलं नाव सांगतो: तर्तिय. हजारो उपासनांत आपण ती यादी भरभर वाचून टाकतो. पण पत्र लिहायला कोणाची मदत घेतली हे पत्रातच लिहून ठेवलेलं आहे, आणि त्याने पौलाचं वजन तिळभरही कमी झालेलं नाही.

दुसरी बाजूही त्यांनी दाखवली. थेस्सलनीकाकरांस दुसऱ्या पत्रात पौल सावध करतो की आमच्या नावाने आलेल्या कुठल्याही पत्राने घाबरून जाऊ नका. म्हणजे त्याच्या नावावर खोटी पत्रं फिरण्याची भीती तेव्हाही होती. म्हणून पत्राच्या शेवटी तो स्वतःच्या अक्षरात सलाम लिहितो आणि तीच आपल्या पत्रांची खूण असल्याचं सांगतो. गलतीकरांना तर तो आपली मोठमोठी अक्षरं बघायला सांगतो. मावशींच्या वेड्यावाकड्या तीन ओळी मला तेव्हा पुन्हा आठवल्या.

ज्या गडाच्या सावलीत आम्ही राहतो, तोही हेच शिकवतो. चाचांनीच मला नीट सांगितलं. अकबराने १६०० साली या गडाला वेढा घातला आणि जानेवारी १६०१ मध्ये गड त्याच्या ताब्यात आला. त्या मोहिमेत बादशहाच्या छावणीत दोन ख्रिस्ती माणसं होती, जेरोम झेवियर आणि बेनेडिक्ट गोइश हे जेझुइट. गड कसा पडला याच्या दोन हकिकती आहेत. दरबारचा इतिहासकार अबुल फजल म्हणतो, गडात रोगराई पसरली, माणसं हतबल झाली. जेझुइटांच्या पत्रांवरून युरोपात जी हकिकत छापली गेली ती म्हणते, अकबराने शपथ घालून बहादूरखान फारुकीला बाहेर बोलावलं, मग जाऊ दिलं नाही, आणि पुढे पैसा चारून दरवाजे उघडून घेतले. खरं कोणतं यावर इतिहासकार आजही भांडतात. पण भांडता येतं ते का? कारण कोण लिहितोय, तो कोणाच्या पदरी होता, तिथे हजर होता की दुसऱ्याची पत्रं वाचून लिहीत होता, हे आपल्याला माहीत आहे. अबुल फजल स्वतः त्या मोहिमेत होता. युरोपातली हकिकत रचणारा दु जारिक हिंदुस्थानात कधी आलाच नव्हता. लिहिणाऱ्याचा पत्ता ठाऊक असला की त्याचं म्हणणं तोलता येतं. माझ्या पत्रातल्या त्या साहेबांना मात्र तोलायला काहीच नव्हतं.

याच जेरोम झेवियरने पुढे, १६०२ मध्ये, अकबरासाठी प्रभू येशूचं चरित्र फारसीत तयार केलं. 'मिरात-उल-कुद्स' त्याचं नाव. परदेशी पाद्र्याला दरबारी फारसी कशी जमणार? त्याला लाहोरच्या मौलाना अब्दुस सत्तार यांनी मदत केली, आणि ती मदत लपवून ठेवलेली नाही, ग्रंथासोबत त्यांचंही नाव चालत आलं. ही गोष्ट सांगितली तेव्हा चाचांचा चेहरा खुलला. आपल्या मराठीतलंही उदाहरण आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक १९१९ साली गेले तेव्हा त्यांचं 'ख्रिस्तायन' अपुरं होतं. ते लक्ष्मीबाईंनी पुरं केलं. कुठवर टिळकांचं आणि कुठून लक्ष्मीबाईंचं, हे कोणी झाकलं नाही. आणि ही लक्ष्मीबाई कोण? जिने शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं, लग्नानंतर अक्षरं गिरवली. तिच्या 'स्मृतिचित्रां'ची भाषा कोणी 'सुधारून' भारदस्त केली असती तर मराठीचं केवढं नुकसान झालं असतं!

गडावरची आणखी एक कथा आमच्या हिंदू शेजाऱ्यांकडून लहानपणापासून ऐकत आलोय. वरच्या महादेवाच्या देवळात अश्वत्थामा पहाटे येऊन फूल वाहून जातो, अशी इथल्या लोकांची श्रद्धा आहे. त्या अश्वत्थाम्याचं नाव घेतलं की मराठी माणसाला काय आठवतं? "नरो वा कुंजरो वा." धर्मराज खोटं बोलला नाही, फक्त अर्धं हळू बोलला. मीही खोटं कुठे बोललो होतो? पत्राखाली नुसतं नाव घातलं होतं. पण अर्धं हळू बोलणं म्हणजे काय, हे या गावाला तरी कोणी शिकवायची गरज नसावी.

हा प्रश्न फक्त आमच्या खेडवळ मंडळीचा आहे असं समजू नका. जून २०२३ मध्ये जर्मनीत फ्यूर्थ गावच्या सेंट पॉल चर्चमध्ये जवळजवळ सगळी उपासना यंत्राने रचलेली झाली, प्रवचन, प्रार्थना, आशीर्वाद, सगळं. तीनशेच्या वर लोक होते. आवडलं न आवडलं ते वेगळं, पण तिथे बसलेल्या प्रत्येकाला आधीच माहीत होतं की हे यंत्राचं आहे. त्याच वर्षी मार्चमध्ये पोप फ्रान्सिस यांचा फुगीर पांढऱ्या जाकिटातला फोटो जगभर फिरला. तो यंत्राने बनवलेला होता आणि कित्येकांनी तो खरा मानला. दोन्हीकडे यंत्रच होतं, फरक होता सांगण्याचा. व्हॅटिकनने २८ जानेवारी २०२५ रोजी या विषयावर एक मोठं पत्रक काढलं, त्याच्या लॅटिन नावाचा अर्थ 'जुनं आणि नवं'. यंत्राला माणूस म्हणून दाखवणं टाळलं पाहिजे, हे त्यात स्पष्ट आहे. आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये आपल्या मुंबई उच्च न्यायालयाने आयकर आकारणीचा एक आदेश रद्द केला, कारण त्यात आधाराला घेतलेले निवाडे अस्तित्वातच नव्हते. यंत्राने दिलेलं डोळे झाकून घेऊ नका, आधी पडताळा, अशी समज न्यायालयाने दिली. तो निकाल वाचताना मला माझी दोनशे छापील पत्रकं दिसत होती.

तर आम्ही काय ठरवलं ते सांगतो. पंचांनी ठराव केला, पण तो नियमापेक्षा सवय लागावी म्हणून आहे.

मजकूर यंत्राने लिहिला असेल तर तळाशी एक ओळ घालायची: "हे एआयकडून लिहून घेतलं, मुद्दे माझे." भाषांतर करून घेतलं असेल तर तसं लिहायचं. नुसतं शुद्धलेखन तपासून घेतलं तर सांगायची गरज नाही, ते कोणी शेजारीही करून देतो. साल, नाव, शास्त्रवचन आलं असेल तर ते स्वतः उघडून पाहिल्याशिवाय टाकायचं नाही, मग ओळ घातलेली असो की नसो. ओळ घातली म्हणजे खोट्याची जबाबदारी यंत्रावर गेली, असं होत नाही. खाली नाव आपलं असतं.

आणि तीन गोष्टी यंत्राकडून लिहून घ्यायच्याच नाहीत: साक्ष, सांत्वन आणि माफी. साक्ष द्यायला ते पाहायला हजर असावं लागतं. सांत्वनाला मोडकं वाक्यही पुरतं, नुसता हात धरला तरी पुरतो. आणि माफी दुसऱ्याने मागून चालत नाही.

यावर वाद झाला, तो सांगायलाच हवा. शोकसभेत वाचणारा तो मुलगा म्हणाला, "अंकल, तुम्हाला मराठी येते म्हणून तुम्ही असं म्हणता. मी हिंदी शाळेत शिकलो. मला मनातलं मराठीत सांगायचंय आणि येत नाही. मग मी काय गप्प बसू?" त्याचं म्हणणं रास्त होतं. हात थरथरणारे, नजर अधू झालेले, कधी शाळेत न गेलेले, यांना हे यंत्र काठीसारखं आहे, आणि काठी कोणी हिसकावून घेत नाही. म्हणून ओळ घालणं ही शिक्षा नाही, हे आम्ही पुन्हा पुन्हा बोललो. ओळ दिसली की कोणी टोमणा मारायचा नाही. टोमणे सुरू झाले की लोक पुन्हा लपवायला लागतील. तर्तियाच्या नावावरून पौलाला कोणी हिणवलं नव्हतं. त्या मुलाला मी एवढंच म्हटलं, सांत्वन तू हिंदीत कर, ते तुझं असेल. रडणाऱ्याला भाषा कळते.

अजून सगळं सुरळीत झालंय असं नाही. कोण खरं सांगतो आणि कोण नाही, हे तपासायचं साधन आमच्याकडे नाही आणि नकोही आहे. चांगलं मराठी लिहिलं की "यंत्राचं का?" असं विचारायची खोड एक-दोघांना लागली होती, ती मोडावी लागली. चांगलं लिहिणाऱ्यावर संशय घेणं हासुद्धा अन्यायच. शेवटी हे एकमेकांच्या शब्दावर चालणार, आणि मंडळी त्याच्यावरच तर उभी असते.

उपासनेचा प्रश्न कसा सुटला, ते विचाराल. महिन्यातला एक रविवार हिंदीत, बाकी मराठीत, आणि मराठी वाचनाआधी दोन वाक्यांत अर्थ सांगायचा, असं ठरलं. माझ्या त्या गाजलेल्या पत्रामुळे नव्हे. मी मावशींच्या घरी गेलो, माफी मागितली आणि म्हटलं, तुम्ही लिहू नका, बोला, मी मोबाईल धरतो. त्यांनी आईची ती गोष्ट पुन्हा सांगितली, मध्ये थांबल्या, गाण्याच्या दोन ओळी म्हटल्या, मागे शेळी ओरडत होती. ते तसंच ग्रुपवर टाकलं. दुसऱ्या दिवशी तरुण संघाच्या मुलांनीच लिहिलं, आज्जीला म्हणावं हे गाणं आम्हाला अर्थासकट शिकवा.

उरलेल्या पत्रिकांवर त्या वाक्याखाली मी हाताने दुरुस्ती लिहिली आहे. वाटलेल्या प्रती परत मिळत नाहीत. कोणा वाचकाकडे त्यातली एखादी असेल तर कृपया तिसऱ्या पानावरचं ते वाक्य खोडावं आणि चिटणिसाला क्षमा करावी.

या लेखाचं शुद्धलेखन माझ्या मुलीने तपासून दिलं. वेढ्याची हकिकत चाचांना वाचून दाखवली, त्यांनी एक ठिकाणी मला थांबवलं आणि ते मी बदललं. मावशींचं बोलणं त्यांना विचारून घातलं आहे.

प्रभूमध्ये आपला,
मंडळीचा चिटणीस
असीरगड, जि. बऱ्हाणपूर